पाण्याच्या बाटलीतलं अ‍ॅसिड

माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, सोलापुरात सुटं फिनाईल, संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि भांड्यांचं लिक्विड विकतो. बॅरलने कच्चा माल आणायचा, घरामागच्या शेडमध्ये तयार करायचा आणि टेम्पोला भोंगा लावून चाळींतून, नव्या कॉलन्यांतून फिरायचं, हा त्याचा धंदा. माझी आत्या सरकारी रुग्णालयातून सिस्टर-इनचार्ज म्हणून निवृत्त झाली. तिची बहुतेक नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली. दिवाळीच्या साफसफाईत दादाच्या मालाचा खप सगळ्यात जास्त असतो. त्याच दिवसांत दोघांचं या विक्रीवरून चांगलंच वाजलं. दोघांच्या संमतीने ते बोलणं इथे मांडते आहे. दोघंही मला जवळची आहेत. पण माझं मत एका बाजूचं आहे आणि ते मी लपवणार नाही.

दादा : आत्या, तू माझ्याकडे गुन्हेगार असल्यासारखी बघतेस. मी काय विष विकतो का? ब्रँडेड क्लीनरची अर्ध्या लिटरची बाटली शंभरीच्या घरात गेली आहे. मी लिटरभर माल तीस-पस्तीस रुपयांत देतो. चाळीत आठ बिऱ्हाडांना मिळून दोन संडास. ते कशाने धुवायचे लोकांनी? स्वच्छता राखा म्हणून सगळे सांगतात, ती परवडेल अशा भावात कुणी देतं का? मी देतो.

आत्या : देतोस, ते चांगलंच करतोस. तू कशात देतोस ते सांग.

दादा : लोक आणतील त्या बाटलीत. बाटली नसेल तर माझ्याकडे भंगारवाल्याकडून घेतलेल्या असतात. धुतलेल्या.

आत्या : कसल्या?

दादा : पाण्याच्या. कोल्ड्रिंकच्या. दुसऱ्या कसल्या मिळणार?

आत्या : तिथेच सगळं आलं. दीड-दोन वर्षांच्या पोराला वाचता येत नाही. त्याला बाटली ओळखू येते. काल त्याच बाटलीतून त्याने गोड सरबत प्यायलेलं असतं. आज ती मोरीत, त्याच्या उंचीला, पिवळसर पाण्याने भरून ठेवलेली. ते उचलणारच. पोरं सोड, रात्री दिवे गेल्यावर तहान लागली म्हणून हाताला लागली ती बाटली तोंडाला लावलेली मोठी माणसंही मी पाहिली आहेत.

दादा : मग ते घरच्यांनी बघायला नको? पोर सांभाळायचं कुणी, मी? आई कुठे होती तेव्हा?

आत्या : हाच प्रश्न. वॉर्डात पोर दाखल झालं की सासरा हेच विचारतो, नवरा हेच विचारतो, शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हेच विचारते. आई बिचारी कोपऱ्यात उभी असते, अंगावरच्या साडीला अ‍ॅसिडची भोकं पडलेली, कारण पोराला उचलून तीच पळत आलेली असते. ती कुठे असणार? स्वयंपाक करत असते, नळाला पाणी आलेलं असतं म्हणून भरत असते. दोन मिनिटं. दोन मिनिटं डोळा चुकला तर आयुष्यभराची शिक्षा व्हावी, इतकी भयंकर वस्तू सरबताच्या बाटलीत ठेवली कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

या मुद्द्यावर दोघंही हटले नाहीत. दादाचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. ज्या घरात लहान मूल आहे त्या घराने जपायलाच हवं. पण आत्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. दादा विकतो ते सुटं अ‍ॅसिड आणि दुकानातला ब्रँडेड क्लीनर, दोन्ही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच. मात्र ब्रँडेड टॉयलेट क्लीनरमध्ये ते साधारण १० टक्के असतं. बॅरलमधून येणारं, बांधकामानंतर फरशीवरचं सिमेंट काढायला वापरतात ते, ३० टक्क्यांच्या आसपास. दादा त्यात पाणी घालतो, पण किती घालतो ते अंदाजाने. त्यामुळे पेशंट आला की डॉक्टरांना काहीच कळत नाही. बाटलीवर नाव नसतं, प्रमाण नसतं. असतो तो जुन्या कोल्ड्रिंकचा कागद.

दादा : बरं, पण लहान मूल पिऊन पिऊन किती पिणार? चव लागली की थुंकून टाकतं. गावाकडे तर लगेच मिठाचं पाणी पाजून उलटी काढतात, वरून दूध देतात. काम होतं.

आत्या : हे असलं कुणाला सांगू नकोस रे बाबा. अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेलं असेल तर उलटी कधीही काढायची नाही. खाली जाताना त्याने एकदा भाजलेलं असतं, वर येताना ते पुन्हा भाजतं, आणि त्यातलं थोडं श्वासनळीत शिरलं तर फुप्फुसं जातात. मिठाच्या पाण्याने तर रक्तातलं सोडियम इतकं चढतं की लहान पोराला झटके येतात, जीव जातो. अ‍ॅसिडवर सोडा, कॉस्टिकवर लिंबू, असले उतारे करायचे नाहीत. त्या क्रियेत उष्णता निघते. भांडंभर दूध पाजायचं नाही; त्याने उलटी होते, आणि दुर्बिणीतून आत बघताना डॉक्टरांना काही दिसत नाही. दवाखान्यातसुद्धा अशा पेशंटच्या पोटात नळी घालून पोट धूत नाहीत. कोळशाची पावडर देतात ना विषबाधेत, तीही इथे उपयोगाची नाही.

दादा : मग करायचं काय?

आत्या : तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, मोठं माणूस असेल तर चूळ भरून थुंकायला लावायचं. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवायचं. डोळ्यांत गेलं असेल तर नळाच्या बारीक धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा ठेवून धुवायचा, आणि हे आधी करायचं, रिक्षा मग शोधायची. पोटात काही द्यायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि बाटली बरोबर घ्यायची. रिकामी असली तरी. तिच्यातल्या थेंबावरून कळतं काय होतं ते.

मी मध्येच विचारलं, की तोंडात फोड आलेले नसतील तर आत फारसं झालेलं नाही, असं समजायचं का. आत्या म्हणाली, नाही. तोंड स्वच्छ आणि अन्ननलिका पार भाजलेली, असे पेशंट तिने पाहिले आहेत. लाळ गळत असेल, मूल गिळत नसेल, आवाज बसला असेल, श्वासाला घरघर असेल, तर ही आत भाजल्याची खूण. तसं काहीच नसलं तरी काय प्यायलं ते कळल्यावर तपासणी टाळायची नाही.

दादा : आत्या, सगळाच माल काही तितका जहाल नसतो.

आत्या : नसतो. मीही तसं म्हणत नाही. भांड्यांच्या लिक्विडने तोंडाला फेस येतो, उलट्या होतात, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. फेस फुप्फुसात जाऊ नये एवढंच बघावं लागतं. घरगुती ब्लीच घोटभर गेलं तर बऱ्याचदा घसा चुरचुरतो आणि बरं होतं. पण तुझं काळं फिनाईल वेगळं. ते डांबराच्या जातीचं. त्याने जीभ बधिर होते म्हणून भाजल्याचं दुखतही नाही, आणि माणूस झोपाळत जातं, झटके येतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं बसतात. गंजाचे डाग काढायची ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर असते ना, ती रक्तातलं कॅल्शियम खाते आणि मूत्रपिंडात खडे होऊन बसते. पण सर्जिकल वॉर्ड भरतो तो अ‍ॅसिडने आणि कॉस्टिकने.

दादा : कॉस्टिक जास्त वाईट, हे मला ठाऊक आहे. हाताला लागलं तर बुळबुळीत लागतं, जळतंय हे कळतच नाही.

आत्या : कारण चरबीवर कॉस्टिक पडलं की साबण होतो. अन्ननलिकेच्या भिंतीचं तेच होतं. ती विरघळत जाते आणि कॉस्टिक आत-आत शिरतं, काही मिनिटांत आरपार. अ‍ॅसिडने मात्र वरचा थर भाजून घट्ट होतो, त्यामुळे ते तितकं खोल जात नाही असं पुस्तकात म्हणतात. पण आपल्याकडचं सुटं अ‍ॅसिड इतकं दाट असतं, की ते अन्ननलिकाही सोडत नाही. शिवाय जठराचं खालचं तोंड त्या दाहाने गच्च मिटतं, सगळं अ‍ॅसिड तिथे साचतं आणि तिथलं अस्तर जळतं.

यानंतर आत्या जे बोलली ते मी फारसं न कापता देते आहे. विषबाधा म्हटली की दोन-चार दिवसांत माणूस वाचतं किंवा जातं, अशी आपली कल्पना असते. या विषबाधेचं तसं नसतं.

आत्या : पहिले काही तास श्वासाची काळजी. घशाला सूज येते, श्वासाचा रस्ता बंद व्हायला लागतो, कधी गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागते. पहिल्या चोवीस तासांत दुर्बीण घालतात आणि आत किती भाजलंय ते बघून केसपेपरवर ग्रेड लिहितात. टू-ए लिहिलं की आम्हा सिस्टरांना हायसं वाटायचं. टू-बी किंवा थ्री दिसलं की कळायचं, हे माणूस आता आपल्याकडे वर्षानुवर्षं येणार.

ग्रेड लावायची ही पद्धत १९९१ मध्ये डॉ. झरगर आणि चंदीगडच्या पीजीआयमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आज जगभरचे डॉक्टर तीच वापरतात. आपल्या रुग्णालयांत अशा जखमा इतक्या आल्या, की त्यांचं मोजमाप भारतीय डॉक्टरांनी घालून दिलं.

आत्या : पहिला-दुसरा आठवडा सगळ्यात नाजूक. मेलेला थर गळून पडतो, भिंत पातळ झालेली असते, ती फाटू शकते. फाटली की छातीत पू होतो. या दिवसांत दुर्बीणही घालत नाहीत. ते पार पडलं की पेशंट थोडं-थोडं पाणी, पेज प्यायला लागतो. घरचे खूश. डिस्चार्ज घेऊन जातात, नवस फेडतात. आणि तिसऱ्या आठवड्यापासून खरं दुखणं सुरू होतं.

दादा : म्हणजे?

आत्या : जखम भरते तसा तिथे वण धरतो आणि वण आकसतो. अन्ननलिका आतून आवळत जाते. आधी भाकरी अडकते. मग दुधात कुस्करलेली भाकरी अडकते. मग मऊ भात. घरच्यांना वाटतं पोर जेवायला नाटकं करतंय, त्याला मारतात सुद्धा. दोन महिन्यांत अशी वेळ येते की पाणी उतरत नाही. मग स्वतःची लाळसुद्धा उतरत नाही. हातात वाटी घेऊन बसलेली बाई मी पाहिली आहे, येणारी थुंकी दर मिनिटाला त्यात टाकायची. रात्री उताणं झोपता येत नाही. लाळ श्वासनळीत जाते, न्यूमोनिया होतो.

मग पोटाला भोक पाडून आतड्यात नळी. आम्ही तिला एफजे म्हणायचो. ताक, डाळीचं पाणी, नाचणीची आंबील, सगळं गाळून सिरिंजने नळीतून सोडायचं, दर दोन तासांनी. पोट भरतं, पण तोंडाला चव कशाची लागत नाही. शेजारच्या खाटेवर कुणी डबा उघडला, भाजीचा वास आला, की ही पोरं मान वळवून घ्यायची.

दादा काही बोलला नाही. आत्याही थांबली नाही.

आत्या : आणि डायलेटेशन. दुर्बिणीतून तार घालायची, तिच्यावरून एकापेक्षा एक जाड दांड्या घालून रस्ता रुंद करायचा, नाहीतर फुगा फुगवायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. वण पुन्हा आवळतो, पुन्हा रुंद करायचं. कुणाचं सहा महिन्यांत भागतं, कुणाचं वर्षं जातात. प्रत्येक वेळी नलिका फाटायची भीती. अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून एसटीने यायचे, बापाचा रोज बुडायचा, दोन खेपांनंतर यायचे बंद व्हायचे, आणि तीन महिन्यांनी पोराची हाडं दिसायला लागली की पुन्हा घेऊन यायचे. दांड्यांनीही जमलं नाही तर मोठं ऑपरेशन. मोठ्या आतड्याचा तुकडा काढून अन्ननलिकेच्या जागी छातीतून वर गळ्यापर्यंत नेऊन जोडतात.

अ‍ॅसिडवाल्यांना आणखी एक. जठराचं खालचं तोंड आवळतं. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी तसंच उलटून पडतं. त्यालाही ऑपरेशन. आणि हे सगळं निभावून माणूस चाळीस-पन्नास वर्षांचं झालं, तरी त्या वणात कॅन्सर व्हायचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तीस-चाळीस वर्षांनी. एका घोटाचं एवढं सगळं, दादा. लग्नाच्या पंगतीला न बसणारी तरुण मुलगी मला माहिती आहे. सगळ्यांना वाटतं गर्विष्ठ आहे. घास अडकला तर चारचौघांत उठून ओकावं लागेल, म्हणून ती बसत नाही.

इथे मी त्या दोघांना शेव्हलियर जॅक्सन या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघर लाय वापरत. लाय म्हणजे कॉस्टिकच. साबण करायला, मोऱ्या साफ करायला. ते साखरेसारखं दिसे आणि डब्यावर धोक्याची सूचना नसे. फिलाडेल्फियाचे घशाचे डॉक्टर जॅक्सन यांच्याकडे लाय प्यायलेली, अन्ननलिका आवळलेली मुलं येत. त्यांनी स्वतः नळ्या आणि दुर्बिणी तयार केल्या, नलिका रुंद करण्याची पद्धत बसवली आणि पुष्कळ मुलं वाचवली. पाण्याचा घोटही न उतरणाऱ्या एका लहान मुलीची नलिका त्यांनी मोकळी केली, आणि पहिलं पाणी पोटात गेल्यावर तिने त्यांच्या हाताचा मुका घेतला, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. मला या माणसाचं मोठेपण त्याच्या पुढच्या कामात दिसतं. आपण कितीही कुशल झालो तरी मुलं येतच राहणार, हे त्यांनी ओळखलं आणि लायच्या डब्यावर विषाची सूचना सक्तीची करा म्हणून वर्षानुवर्षं खेटे घातले. उत्पादकांनी विरोध केला. शेवटी १९२७ मध्ये तसा कायदा झाला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९६७ मध्ये, कॅनडातल्या विंडसर गावचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांनी दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारं झाकण पुढे आणलं, आणि १९७० मध्ये अमेरिकेने घातक घरगुती वस्तूंना मुलांना न उघडणारं वेष्टण कायद्यानेच लावलं. या दोघांनी आयांना दोष देण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी डबा बदलला.

दादा : ती श्रीमंत राष्ट्रं. तसलं झाकण लावून, नवी बाटली घेऊन, लेबल छापून मी माल विकला तर तीसाचा माल पन्नासला जाईल. लोक दुसऱ्या टेम्पोवाल्याकडे जातील. तो काही झाकण लावणार नाही. मग तुझ्या वॉर्डात पेशंट तेवढेच येतील आणि माझं पोट मात्र मारलं जाईल. मोठ्या कंपन्यांनी काही बाटल्यांना तसं झाकण आणलंय, त्यांना परवडतं.

याचं उत्तर आत्याकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. एकट्या विक्रेत्याने सुधारावं आणि बाजाराने तसंच राहावं, यात तो बुडणारच. म्हणून हे काम सक्तीचं व्हायला हवं, सगळ्यांना एकाच वेळी.

दादा : आणि सक्तीच म्हणशील तर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केलीच की. अ‍ॅसिड घेणाऱ्याचं नाव-पत्ता रजिस्टरात लिहा, ओळखपत्र बघा, अठराच्या आतल्याला देऊ नका, साठा प्रांताला कळवा, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. तू सांग, चाळीतल्या कुठल्या बाईचं आधार कार्ड मी बघत बसू?

आत्या : तो नियम मुलींच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकणाऱ्यांसाठी आला, आणि यायलाच हवा होता. तो तू पाळायला हवास. पण रजिस्टरात सही केली म्हणून मोरीतली बाटली बदलत नाही. पिण्यात गेलेल्या अ‍ॅसिडचा विचार त्या नियमात नाही.

दादा : आणि पोरांचं सोड. तुझ्या वॉर्डात मोठी माणसं जास्त असतील. ज्याला स्वतःलाच जीव द्यायचा आहे, त्याला झाकण अडवणार आहे का?

आत्या : अडवतं. तो क्षण असतो रे. भांडण झालेलं असतं, निकाल लागलेला असतो, डोकं तापलेलं असतं आणि हाताशी बाटली असते. त्यातले कितीतरी जण दवाखान्यात आल्या-आल्या आमचा हात धरून म्हणायचे, सिस्टर, मला वाचवा. त्यांना मरायचं नव्हतं. हाताशी ती वस्तू नसती तर तासाभरात रडून मोकळे झाले असते.

यावर मी श्रीलंकेचं उदाहरण दिलं. तिथे सरकारने सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकामागून एक बंद केली आणि १९९५ ते २०१५ या काळात देशातल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. माणसांची दुःखं तीच होती, हाताशी असलेली वस्तू बदलली होती. दादाला हे पटलं की नाही ते त्याने सांगितलं नाही.

आत्याने मात्र आणखी एक गोष्ट कळकळीने सांगितली. जाणूनबुजून प्यायलेल्या माणसाचे नातेवाईक पोलिसांच्या भीतीने खोटं सांगतात. चुकून प्यायला, घोटभरच प्यायला, सकाळी नाही आत्ताच प्यायला. त्यावरून उपचार ठरतात आणि चुकतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याला मदत देणं ही सरकारची जबाबदारी आहे. पोलिसांची नोंद होते, ती नियमाने होते. तिला घाबरून डॉक्टरांपासून काही लपवू नये. घरात कुणी तसं बोलत असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतही बोलता येतं.

दादा : एक मात्र मी सांगतो, ते तूही लिहून घे. संडासात अ‍ॅसिड टाकल्यावर त्यावर ब्लीचिंग पावडर टाकू नये. दार लावून तर मुळीच नाही. कामाला येणाऱ्या बायका लवकर डाग जावा म्हणून दोन्ही टाकतात. पिवळा-हिरवा वाफारा उठतो, क्लोरीन असतो तो. माझ्या शेडमध्ये एकदा सांडून दोन्ही एकत्र झालं, तेव्हा आम्ही सगळे बाहेर पळालो होतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो मी.

आत्या : आणि नुसता खोकला आला म्हणून घरी बसू नये. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. मोकळ्या हवेत जायचं, धाप वाटली तर दवाखाना गाठायचा. ब्लीचमध्ये अमोनियाचं क्लीनर मिसळलं तरी असाच घातक वायू निघतो. बघ, तू गिऱ्हाइकाला सांगू शकतोस. भोंग्यावरून एवढं सांगतोस, तसं पाण्याच्या बाटलीत भरून देणार नाही, हेही सांग.

दादाने ताबडतोब हो म्हटलं नाही. गिऱ्हाईक तुटेल, असं दोनदा म्हणाला. मग म्हणाला की पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरणं तो थांबवेल. पाच लिटरच्या निळ्या कॅनमध्ये देईल, ठेव म्हणून पैसे घेईल आणि कॅन परत आणला की देईल. झाकणाचं मात्र त्याला परवडणार नाही. आत्याला हे अपुरं वाटतं. मलाही. तरी त्याच्या हातात होतं तेवढं तो करतो आहे. उरलेलं त्याच्या हातातलं नाही. सुटं अ‍ॅसिड खाद्यपेयांच्या बाटलीत विकायला पूर्ण बंदी, ठरलेलं सौम्य प्रमाण, आणि महागड्या-स्वस्त सगळ्याच मालाला मुलांना न उघडणारं झाकण, हे सरकारनेच करायचं आहे. जोवर ते होत नाही तोवर पोराच्या आईला दोष द्यायचा अधिकार कुणालाही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या मोरीत, बेसिनखाली, संडासाच्या खिडकीत पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काही भरून ठेवलं असेल तर ते आज तिथून हलवा. वर, कुलपात, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये ठेवा. कुणी प्यायलंच तर उलटी न काढता, बाटली बरोबर घेऊन, १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं. त्याचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७. तो आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.